चकरीमागची पाचर

हिलालला वखारीतले लोक पाचरवाला म्हणत, आणि त्याला त्याचा राग येत नसे. नाव कामावरून पडलं होतं, आणि कामावाचून त्याच्यापाशी दुसरं होतं तरी काय? बायको मानमोडीच्या तापाच्या साथीत गेली. पोरबाळ झालंच नव्हतं. धानोऱ्याचं घर भावकीत मिसळून गेलं, जसा ओहोळ नदीत मिसळतो आणि मग कुणी त्याचं नाव विचारत नाही. उरली ती नवापूर स्टेशनाजवळची चुनीलाल शेठची लाकडाची वखार, तिच्या कुडाला टेकून बांधलेली एक झोपडी, आणि वखारीच्या मधोमध फिरणारी चकरी.

चकरी म्हणजे गोल करवत. मोठ्या परातीहून मोठी, कडेला सगळीकडून दात. चार वर्षांपूर्वी ती सुरतेच्या मालगाडीतून गवतात गुंडाळून आली, तिच्यामागून इंजिन आलं, आणि इंजिनामागून भाईदास मिस्त्री आला. पट्ट्यावर ती फिरायला लागली की दात दिसेनासे होत. नुसती एक लखलखती थाळी उभी आहे असं वाटे. समोरून सागाचा ओंडका रेटायचा नथ्थूने. मागे उभं राहायचं हिलालने. चिरलेल्या फळ्या उचलून न्यायला पलीकडे दोन हमाल असत. हिलालचं काम तेवढं पाचरीचं.

साग हे मानी लाकूड. चिरलं तरी आपल्या दोन अंगांना पुन्हा जवळ घ्यायला बघतं. चकरीच्या मागे पडलेली फट अशी मिटू लागली की पातं दोन्हीकडून आवळलं जातं, आणि मग ती फिरती थाळी मागच्या दातांनी ओंडका उचलते आणि ज्याने तो रेटला त्याच्याच अंगावर फेकते. तसं होऊ नये म्हणून हिलालने फटीत पाचर दाबून धरायची. लाकूड सरकलं की काढायची, पुन्हा घालायची. सकाळच्या भोंग्यापासून संध्याकाळच्या भोंग्यापर्यंत. फिरत्या दातांपासून त्याची बोटं वीतभर दूर असत. कधी वीतभरही नसत.

ही पाचर चकरीबरोबर आलेली नव्हती. ती आली होती खड्ड्यातून.

चकरीच्या आधी बावीस वर्षं हिलाल आणि नथ्थू दोघं मिळून एक करवत ओढत होते. पुरुषभर खोल खड्डा, खड्ड्यावर आडवा ओंडका, ओंडक्यावर दोन पाय फाकून नथ्थू आणि खाली खड्ड्यात हिलाल. उभी करवत, वरची मूठ वरच्याची, खालची खालच्याची. सुताला काव लावून ओंडक्यावर जी लाल रेघ मारलेली असे ती बघायची वरच्याने. खालच्याला रेघ दिसत नाही. त्याला दिसतं ते लाकडाचं पोट, वरच्याचे तळवे आणि फटीतून दिसेल तेवढं आभाळ. आणि तेही भुशातून, कारण सगळा भुसा खालच्याच्याच डोळ्यांत. म्हणून नथ्थू गायचा,

वरला दखस रेघ, खालला दखस आभाय,
मधमा सागना ओंडा, दोन्हीसले सांभाय.

हुकूम सगळे वरच्याचे. ओढ, सोड, थांब, पाणी दे. खालच्याचा एकच. फट आवळायला लागली की ते आधी कळतं खालच्याच्या मनगटाला. तेव्हा त्याने ओरडायचं, "पाचर!" आणि वरच्याने हातातलं सगळं टाकून फटीत पाचर ठोकायची. त्या एका शब्दापुढे वरच्याने 'का' म्हणायचं नाही, हा करवतीच्या जोडीचा रिवाज. कित्येक जोड्या मोडल्या त्या या रिवाजावरून. हिलाल-नथ्थूची मोडली नाही. नथ्थू मोठा, चार बुकं शिकलेला, तोंडाळ. पण हिलालने पाचर म्हटलं की त्याचा हात आधी चालायचा, तोंड मागून.

चकरी आली तेव्हा भाईदास मिस्त्रीला रेघ बघणारा एकच माणूस हवा होता. नथ्थू म्हणाला, "मी येस. पन मन्हा खालला बी येई."

"आठे खाल्ले काय शे काका? खाल्ले पट्टा शे. पट्टामा घालू का त्याले?" मिस्त्रीने चकरीखालच्या पट्ट्याकडे बोट दाखवलं.

"खाल्ले नही त मांगे उभा ऱ्हाई. पन येई."

असा हिलाल मागे उभा राहिला आणि चकरीला पाचरवाला मिळाला. मिस्त्री पहिल्यांदा हसला. महिन्याभरात हसायचा थांबला, कारण सोनगडकडच्या एका वखारीत फळी अंगावर उलटून माणूस गेल्याची बातमी आली, आणि चुनीलाल शेठच्या वखारीत तसं काही झालं नव्हतं.

एक गोष्ट मात्र नथ्थू चकरीवर नव्याने शिकला नाही. तो रेघेवर उभा राहायचा. चकरीच्या पात्याच्या अगदी समोर, नाक रेघेवर. बावीस वर्षं ज्याचे पाय रेघेच्या दोन अंगांना होते, त्याला बाजूला उभं कर म्हणजे घाण्याला फिरलेल्या बैलाला सरळ चाल म्हणण्यासारखं.

"नथ्थूकाका, बाजूले सरक ना!" मिस्त्री दिवसातून दहादा ओरडायचा. "ती फेकी त सरळ तुन्हा पोटमा फेकी."

"रेघवर उभा नही ऱ्हायनू त रेघ दिशी कशी? बाजूथीन दखं त नवरीनं तोंड बी वाकडं दिसस."

"फळी घुसी तवय समजी."

"मन्हा पोटमा तापीबाईन्या भाकरी शेत. फळीले जागा नही." नथ्थू बायकोचं नाव घेऊन म्हणायचा.

हमाल हसायचे, मिस्त्री कपाळाला हात लावायचा, आणि नथ्थू पुन्हा रेघेवर. पुढे पुढे तर त्याला मिस्त्रीचं ओरडणं ऐकूही येईना. चकरीने त्याचे कान खाल्ले होते. थाळी लाकडात शिरली की जी किंकाळी उठते ती चार वर्षं त्याच्या तोंडासमोर उठत होती. खड्ड्यावर असताना दोघं दिवसभर बोलत. धानोऱ्याच्या गोष्टी, कुणाची बैलजोडी, कुणाची सून, कुणाच्या शेतात कापूस फुटला. करवतीच्या एका ओढीला एक शब्द, दुसऱ्या ओढीला दुसरा. एका ओंडक्यात एक गोष्ट पुरी व्हायची. आता दोघांच्या मध्ये गरगरणारी थाळी होती. इंजिन बंद झाल्यावर नथ्थू तमाखू मळायचा, अर्धी हिलालच्या तळहातावर ठेवायचा, आणि मोठ्याने, उगाचच मोठ्याने म्हणायचा, "गया दिन!" मग तापीबाईकडे जायचा. हिलाल आपल्या कुडाकडे.

पण हिलालला तेवढं पुरत होतं. मागे उभा राहून त्याला लाकडाच्या वरून नथ्थूची पागोट्याची गाठ दिसायची. नथ्थू कधी मागे, म्हणजे चकरीपलीकडे हिलालकडे, नजर टाकत नसे. टाकायची गरजच नव्हती. फट हिलालच्या हवाली आहे हे त्याला बावीस अधिक चार वर्षं ठाऊक होतं.

आणि नेमकं तेच हिलालच्या छातीवर धोंड्यासारखं बसलं.

कारण पोळ्याच्या आदल्या आठवड्यात फळी उलटली होती.

तीन हात लांबीचा तुकडा होता, गाठाळ. हिलाल मागे उभा होता, पाचर हातात होती. पण त्याचे डोळे, ज्यांत बावीस वर्षांचा भुसा होता, ते गेल्या उन्हाळ्यापासून दुधाळ होत चालले होते. पहाटे धुकं असावं तशी त्याला सगळी वखार दिसायची. फट तो डोळ्यांनी कमी आणि कानांनी जास्त ओळखायचा. त्या दिवशी त्याच वेळी मालगाडीने शिटी दिली, चकरीचा आवाज बदलला तो त्याला कळला नाही, आणि डोळ्यांना जेव्हा फट मिटलेली दिसली तेव्हा पाचर टेकवायला जागा नव्हती. एक श्वास उशीर. लाकूड उडालं, नथ्थूच्या बरगड्यांना घासून गेलं आणि मागच्या पत्र्याला भोक पाडून बाहेर पडलं.

दोन बरगड्या मोडल्या. हाड बसवणाऱ्याने हळद-चुना लावून पट्टा बांधला. तीन आठवडे नथ्थू खाटेवर. आणि खाटेवरून तो येईल त्याला सांगत होता, "मन्हाच हात वाकडा गया. मन्हीच चूक." भाईदास मिस्त्रीलाही तेच वाटलं, त्यानेही रेघेवर उभं राहण्यावरून शिव्या घातल्या.

हिलाल रोज संध्याकाळी जाऊन खाटेशी बसे. रोज सांगायचं ठरवून जाई. तापीबाई चहा देई. नथ्थू कण्हत कण्हत त्यालाच समजावी, "तू नको घोर करू. मन्हाच हात." आणि हिलाल तसाच परत येई. सांगायला जीभ उचलत नव्हती, ती नुसत्या लाजेने नाही. त्याने पुरता विचार केला होता. सांगितलं तर नथ्थू चिडणार नाही. पण मग तो मागे बघायला लागेल. दर ओंडक्याला मान उचलून बघेल, हिलालने पाचर घातली की नाही. आणि मागे बघेल तर त्याची रेघ सुटेल, हात चकरीवर जाईल. न सांगावं तर आज ना उद्या पुन्हा एखादी शिटी वाजेल. आपण निघून जावं तर मागे कोण उभा राहील? हमालांतला कुणीतरी, ज्याला फट म्हणजे काय तेच ठाऊक नाही.

नथ्थूचे पाय बदलणार नव्हते. हिलालचे डोळे बदलणार नव्हते. बदलायची राहिली ती एकटी चकरी.

नथ्थू खाटेवर असेपर्यंत मिस्त्री स्वतः चकरी चालवत होता, बाजूला उभा राहून, हळूहळू. हिलालने त्याला विचारलं, "मिस्त्री, पाचर जर आपली आपली उभी ऱ्हायनी त?"

"म्हंजे?"

"चकरीना मांगे एक पाचर रोयी देवानी. हलानी नही, काढानी नही. लाकूड येई, तिना आंगेआंगे सरकी जाई."

मिस्त्रीने त्याच्याकडे पाहिलं. मग चकरीकडे पाहिलं. "करी दखा," तो म्हणाला. "मन्हा पट्टा तुटना नही पाहिजे."

पहिली पाचर हिलालने खैराची केली. लोखंडासारखं लाकूड. चकरीच्या मागे, बाकाला ठोकून बसवली. अर्ध्या ओंडक्यातच धूर निघाला. फळ्या दोन्हीकडून घासत होत्या, आणि खैर आतून कोळसा होऊन फुटला.

मग तो रेल्वे फाटकाजवळच्या फुलीबाईकडे गेला. फुलीबाई लोहारीण. नवरा वारल्यावर घण तिने स्वतः उचलला होता, आणि जिभेचं वजन घणाहून कमी नव्हतं. बैलगाडीच्या चाकाच्या जुन्या धावेचा तुकडा ठोकून तिने पट्टी करून दिली. ती जाड निघाली. फळी तिच्यावर अडली, पट्टा सुटून इंजिनावर जाऊन पडला, आणि मिस्त्रीने हिलालच्या सात पिढ्या नंदुरबारपासून सुरतेपर्यंत फिरवून आणल्या. दुसऱ्यांदा ठोकली ती पातळ. तिच्या दोन्ही बाजूंना फळ्या मिटल्या आणि चकरी आवळली.

"काल्दिन जाड, आज पातय," फुलीबाई म्हणाली. "सकाय सांगशी, फुलीबाई, याले नथ घाली दे."

हिलालने कमरेची गाठ सोडून बांबूच्या दोन कामट्या काढल्या. चार दिवस तो त्या तासत होता. एक कामटी चिरलेल्या फळीच्या फटीत जेमतेम सरकेल एवढी. दुसरी चकरीच्या पात्याएवढी, बंद चकरीला बोट लावून लावून मापलेली. चकरीचे दात आळीपाळीने डावी-उजवीकडे वाकवलेले असतात, म्हणून फट पात्याहून रुंद पडते. त्या दोन मापांच्या मध्ये जेवढी जागा उरते तेवढ्यातच पाचरीचा जीव. डोळ्यांना ते कळणारं नव्हतं. बोटांना कळत होतं.

"हाई कामटीथीन पातय पाहिजे," तो म्हणाला, "आनि हाई कामटीथीन जाड."

फुलीबाईने दोन्ही कामट्या एकमेकींवर धरून पाहिल्या. नखाने त्यांच्या कडा चाचपल्या. मग म्हणाली, "धावना लोखंडमा हाई काम नही. ते वाकी जाई. पोलाद पाहिजे. आनि सरळ पट्टी कसाले? चकरी गोल शे, पट्टी सरळ. मधमा इतली जागा सुटस. आखूड लाकूड त्या जागामाच मिटी जाई. चकरीना आंगे वाकाडेल पाहिजे. नवराना पाठना मांगे नवरी बठस तशी."

पोलाद नवापुरात एकाच ठिकाणी होतं. नथ्थूच्या आढ्याला टांगलेलं.

ती खड्ड्यातली जुनी करवत नंदुरबारच्या लोहाराने हाताने घडवलेली, वरच्या अंगाला जाड, खाली पातळ होत गेलेली. हिलालने अंधूक डोळ्यांनी, नथ्थू झोपलेला असताना, तिच्या वरच्या टोकाला कामट्या लावून पाहिल्या. एकीहून जाड. दुसरीहून पातळ. त्याला आनंद व्हायला हवा होता. पण तो तापीबाईला काही न बोलता बाहेर जाऊन अंगणातल्या दगडावर बसला.

दोघांच्या करवतीवर एकट्याने घाव घालायचा नाही. खंडेनवमीला हळदकुंकूसुद्धा दोघांनी मिळून वाहायचं. म्हणून त्याला विचारावं लागलं. त्याने नथ्थूच्या कानाशी तोंड नेलं.

"करवत तोडाले पाहिजे, भाऊ."

नथ्थूने आढ्याकडे पाहिलं. "तोडी टाक. आते कोन ओढी तिले?" आणि थोड्या वेळाने, "कसाले पाहिजे?"

"चकरीना मांगे लावाले. पाचर."

"तू शे ना मांगे."

हिलालने पंचाचं टोक डोळ्यांवरून फिरवलं. "डोयामा भुसा जास," तो म्हणाला.

"बावीस वरीस जाईच ऱ्हायना ना! आज काय नवा जास का?" नथ्थू हसला, आणि बरगडी दुखली म्हणून हसता हसता विव्हळला.

बरगड्या सांधल्यावर दोघं ती करवत घेऊन फुलीबाईकडे निघाले. पुढची मूठ नथ्थूच्या हातात, मागची हिलालच्या. बाजाराचा दिवस होता. मोहाची वाळलेली फुलं, डिंक, चारोळी घेऊन डोंगरातली माणसं आली होती. ती वाट देऊन बाजूला झाली. कुणीतरी म्हणालं, "कोनी वरात शे, नथ्थूबुवा?" नथ्थूला ऐकू गेलं नाही. तो ताठ मानेने चालत राहिला. हिलालला ऐकू गेलं, आणि त्याला वाटलं, वरात नव्हे बाबांनो, पण पुढे एक, मागे एक आणि मध्ये आडवं कुणीतरी निजलेलं.

फुलीबाईने दोघांना करवतीच्या दोन टोकांना उभं केलं. "धरा दोन्हीजन. पहिला घाव तुम्ही धरेल असताना." तिने छिन्नी टेकवली आणि घण घातला. तो धक्का पात्यातून दोघांच्या तळहातांत एकदमच पोचला. चार वर्षांनी. नथ्थूने मान वर करून हिलालकडे पाहिलं. पण भट्टीच्या धुरात हिलालला त्याचं तोंड दिसलं नाही.

पाचर घडली. वीतभर रुंद, हातभर उंच, चकरीच्या अंगाला धरून आत वाकलेली, पुढची कड घासून सुरीसारखी निमुळती. मिस्त्रीने चकरीमागे दोन बोटांवर ती बोल्टांनी आवळून बसवली. तो आता थट्टा करत नव्हता. त्याने स्वतः कामट्या मागून घेतल्या, लावून पाहिल्या, आणि परत न देता आपल्या खिशात ठेवल्या.

त्या दिवशी पहिला ओंडका मुद्दाम वाईट घेतला. डांगाकडचा, पीळ पडलेला, गाठींनी भरलेला. असा साग चिरताना वळवळतो. नथ्थू रेघेवर उभा राहिला. हिलाल मागे, लाकडी पाचर हातात घेऊन. पट्टा चढला. थाळी फिरली. किंकाळी उठली.

हिलालने डोळे मिटले, ते तसेही कामाचे नव्हते. तो ऐकत होता. लाकूड चकरीतून निघालं, पोलादावर आलं, दोन अंगांना झालं. मग तो आवाज आला, जो त्याच्या मनगटात बावीस वर्षं राहिला होता: लाकूड मिटायला लागलं. त्याचा हात आपोआप पुढे गेला. आणि त्याने तो मागे घेतला. दातांखाली ओठ धरून मागे घेतला. लाकूड पोलादावर घासलं, कुरकुरलं, पण मिटलं नाही. चकरीचा आवाज किंचित खाली गेला आणि पुन्हा वर चढला. फळी सुटून हमालांच्या हातात पडली.

दुसरा ओंडका. तिसरा. मग आखूड तुकडे, जे सगळ्यांत घातकी. एकही उलटला नाही.

दुपारी चुनीलाल शेठ स्वतः आले. धोतराचा सोगा हातात धरून भुशातून वाट काढत चकरीपर्यंत आले, चार फळ्या बघितल्या, वाकून पाचर बघितली. "वा! कोणाचं डोकं?"

"ह्या काकांचं," भाईदास मिस्त्रीने प्रामाणिकपणे हिलालकडे बोट दाखवलं.

"नामी काम केलंत, काका. फार नामी." शेठ मनापासून म्हणाले. मग हिलालच्या हातातल्या लाकडी पाचरीकडे त्यांची नजर गेली. वाईट हेतू काही नव्हता. हिशेबी माणसाला जे पुढे दिसतं ते त्यांनी विचारलं. "मग आता हे काका इथे काय करतात?"

मिस्त्री खाली बघू लागला. नथ्थू पलीकडे चकरीच्या गोंगाटात नवा ओंडका रेटत होता. त्याची पागोट्याची गाठ लाकडावरून हलत होती.

हा प्रश्न येणार हे हिलालला पहिली खैराची पाचर तासली तेव्हापासून ठाऊक होतं. उत्तरही त्याने तेव्हाच तयार ठेवलं होतं.

"आते काही नही, शेठ," तो म्हणाला.

शेठ ओशाळले. बाहेर साली सोलणाऱ्या बायकांत बसा, सावलीचं काम आहे, म्हणाले. हिलालने हात जोडले. लाकडी पाचर बाकाखाली ठेवली आणि फळ्यांच्या थप्पीमागून बाहेर पडला. नथ्थूने मागे पाहिलं नाही. त्याने मागे पाहू नये म्हणूनच तर सगळं केलं होतं.

संध्याकाळचा भोंगा होऊन घटका गेली असेल. हिलाल कुडाला टेकून बसला होता. नथ्थू तरातरा आला, आणि दुरूनच, सगळ्या ओळीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "इंजिन बंद व्हयनं, मी मांगे वयनू, तू नही! तमाखू मयेल हातमा. कोनले देऊ?"

हिलालने तळहात पुढे केला. नथ्थूने अर्धी तमाखू त्यावर आपटल्यासारखी ठेवली आणि शेजारी बसला.

"कवय गया तू?"

हिलालने माथ्यावरच्या सूर्याची खूण केली.

"दुपारले?" नथ्थूचं तोंड उघडंच राहिलं. "म्हंजे अर्धा दिन मी एखलाच व्हतू?"

हिलालने मान हलवली. नथ्थूने उरलेली तमाखू तोंडात टाकली. मग हसायचा प्रयत्न करत म्हणाला, "तुन्हा लोखंडना भाऊ चांगला शे. खोकलत नही." पण ते हसणं जमलं नाही. तो एकदम उठला. "मी शेठले सांगस. मन्हा खालला नही त मी बी नही. सकायथीन मी बी येत नही!"

हिलालने त्याचं धोतर धरून त्याला खाली बसवलं. जोराने मान हलवली, नाही, नाही. तापीबाईच्या घराकडे बोट केलं. नथ्थूला ते कळलं. न कळण्याएवढा तो भोळा नव्हता, आणि वखार सोडण्याएवढा तरुणही नव्हता. त्याने गुडघ्यांवर हात ठेवले आणि जमिनीकडे बघत राहिला.

"कसाले करं तू हाई?" तो म्हणाला. या खेपेला ओरडला नाही. निदान त्याला तरी वाटलं असेल की आपण हळू बोललो.

आता सांगायला हरकत नव्हती. आता नथ्थूने मागे पाहिलं तरी काही बिघडणार नव्हतं. हिलाल म्हणाला, "त्या दिन माले दिसनं नही, भाऊ. तुन्हा हात वाकडा नही गया. मी उशीर करा."

"काय?"

हिलालने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. दोन हातांवरचं ते तोंड त्याला धुक्यातल्यासारखं दिसत होतं. पलीकडच्या झोपड्यांतून चुलींचा धूर उठत होता, बायका भाकरी थापत होत्या, हमाल हातपाय धूत होते. ओरडलं तर सगळ्या ओळीला ऐकू जाईल.

"मोठा बोल ना!" नथ्थूने कानामागे हात धरला.

"काही नही," हिलाल मोठ्याने म्हणाला. "घर जाय. वहिनी वाट दखी ऱ्हायनी."

नथ्थू आणखी थोडा वेळ बसला. जाताना त्याने हिलालच्या खांद्यावर हात टाकला, तो ओझं उतरवून ठेवावं तसा बराच वेळ तिथेच राहू दिला. मग "येस सकाय," म्हणाला आणि गेला. सकाळी कुठे येणार, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

सकाळी भोंगा झाला तेव्हा हिलाल उठलेलाच होता. तोंड धुऊन त्याने पागोटं बांधलं, दोन भाकरी आणि मिरचीचा ठेचा फडक्यात बांधला, गाठ मारली, आणि दाराशी येऊन उभा राहिला. मग खाली बसला.

कुडापलीकडे इंजिनाने धाप टाकली. पट्टा चढला. चकरी लाकडात शिरली. आवाज उठला, मधे किंचित दबला, आणि पुढे सरळ निघून गेला. हिलालने तो ओंडका शेवटपर्यंत ऐकला. मग फडक्याची गाठ सोडली आणि दुपारच्या भाकरी सकाळीच खाऊन टाकल्या.